नळी आणि गोळी यांच्यातलं अंतर

शॉटगन ही नेम धरण्यासाठी घडवलेली बंदूक नव्हे. उडत्या बदकाच्या वाटेत छऱ्यांचा झोत सोडायचा, त्यातले चार-पाच लागले की काम फत्ते, एवढ्याचसाठी ती बनली. नळी आतून गुळगुळीत, भिंत पातळ, टोकाला पितळेचा एक मणी, बस्स. अशा बंदुकीतून एकच जड गोळी झाडायची, शंभर यार्डांवरच्या कागदावर तीन भोकं दोन इंचांच्या आत पाडायची, आणि तीही दुकानातल्या काडतुसांनी नव्हे तर घरी स्वतः भरलेल्या काडतुसांनी, असा नाद लागलेली माणसं अमेरिकेच्या मध्य-पश्चिम राज्यांत आहेत.

लेखासाठी 'अचूक' हा विषय संपादकांनी कळवला तेव्हा घड्याळजी, सराफ, डोळ्यांचे सर्जन अशी मंडळी आपसूक डोळ्यांसमोर आली. मी त्या वेळी इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावी धाकट्या भावाकडे होते. कमिन्स या इंजिन कंपनीचं मुख्यालय या गावात आहे, आणि १९६२ साली पुण्यात किर्लोस्कर कमिन्स सुरू झाल्यापासून पुणेकर इंजिनियरांना हे गाव परकं राहिलेलं नाही. भाऊ म्हणाला, "ताई, घड्याळजी कशाला शोधतेस? आमच्या ओळखीचे एक आजोबा आहेत. आयुष्य टूलरूममध्ये गेलं, इंचाच्या हजाराव्या भागातच बोलतात. सध्या हरणांच्या हंगामासाठी काडतुसं भरतायत. बघायला येतेस?"

बंदूक मी कधी हातात धरलेली नव्हती. शिकारीबद्दल मनात अढी होती, आणि ती सगळीच गेली असं म्हणणार नाही. पण आजोबांच्या तळघरात जे काम चाललं होतं त्याचा संबंध स्फोटाशी कमी आणि फटींशी जास्त होता. नळी आणि गोळी यांच्यातली फट, गोळी आणि तिच्या आवरणातली फट, नळी जिथे बंदुकीच्या अंगाला जोडली जाते तिथली फट. या सगळ्या हेरून एकेक मिटवत जाणं म्हणजेच त्यांच्या लेखी अचूकपणा.

हरणं, मका आणि कायदा

मुळात शॉटगन कशाला? लांबचा नेम धरायला रायफल आहेच की. याचं उत्तर इथल्या रस्त्यांवरून गाडी चालवली की मिळतं. जमीन पाटासारखी सपाट. मका आणि सोयाबीनची शेतं, मधूनच झाडीचा पट्टा, आणि प्रत्येक रस्त्याला सुटी सुटी घरं. रायफलची गोळी चुकली तर मैलोन् मैल जाऊ शकते. डोंगराळ मुलखात ती मागच्या उतारात रुतते. इथे तिला अडवायला काही नाही. म्हणून इंडियाना, ओहायो, इलिनॉय, आयोवा, मिशिगनचा दक्षिण भाग अशा ठिकाणी कित्येक दशकं हरणाच्या शिकारीला नेहमीची रायफल चालत नसे. तिरकमठा, ठासणीची बंदूक, नाहीतर शॉटगन.

ज्या हरणांसाठी हे सगळं, ती पांढऱ्या शेपटीची हरणं एकेकाळी इथून नाहीशी झाली होती. बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे १८९३ नंतर इंडियानात रानटी हरणाची नोंदच उरली नाही. १९३४ पासून ती बाहेरून आणून सोडायला सुरुवात झाली आणि १९५१ मध्ये शिकारीचा पहिला हंगाम उघडला. लांडगा आणि प्यूमा आधीच संपलेले, मका मात्र मुबलक. हरणं इतकी वाढली की कोलंबसच्या पश्चिमेला असलेल्या ब्राउन काउंटी स्टेट पार्कमध्ये झाडांखालची रोपटी, रानफुलं सगळी खरवडून निघाली, आणि १९९३ मध्ये तिथे मुद्दाम शिकारी बोलावून संख्या कमी करावी लागली. नोव्हेंबरात संध्याकाळी गाडी चालवताना भाऊ दर वळणावर वेग कमी करत होता. माजावर आलेले नर कुठूनही रस्त्यावर येतात.

शॉटगनची गोळी लवकर जमिनीवर येते म्हणून ती सुरक्षित, या समजुतीवर हा कायदा उभा होता. पेन्सिल्व्हेनियाच्या विधिमंडळासाठी २००७ मध्ये झालेल्या एका अभ्यासाने त्यात एक पाचर मारली. बंदूक वर रोखून झाडली तर रायफलची गोळी खरोखरच फार पुढे जाते. पण बंदूक जमिनीला समांतर असताना झाडलेली शॉटगनची जड, मंद गोळी जमिनीवर आपटून उसळते आणि एकूण अंतर धरलं तर रायफलच्या गोळीच्याही पुढे जाऊ शकते. हे निष्कर्ष येईपर्यंत मात्र तीन पिढ्या शॉटगनवर वाढल्या होत्या, आणि तिच्याकडून जमेल तितका नेम काढायची विद्याही घरोघरी मुरली होती.

गुळगुळीत नळीतून जड गोळी

'बारा बोअर' हा शब्द आपल्याकडे खेडोपाडी माहीत आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या आकाराच्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. व्यास ०.७२९ इंच, म्हणजे साधारण साडेअठरा मिलिमीटर. वीस बोअरची नळी त्याहून अरुंद. माप जुन्या काळचं, पण अजून तेच चालतं.

या नळीतून साधी गोल गोळी झाडली तर पन्नास पावलांपलीकडे तिचा भरवसा नसतो. जर्मनीत विल्हेल्म ब्रेनेके यांनी १८९८ मध्ये यावर पहिला चांगला उपाय काढला. शिशाची लांबट भरीव गोळी, आणि तिच्या मागे स्क्रूने घट्ट बसवलेला नमद्याचा बुंधा. वजन पुढे, हलका भाग मागे, त्यामुळे हवेत ती कोलमडत नाही. अमेरिकेत कार्ल फॉस्टर यांनी १९३१ मध्ये गोळीचाच मागचा भाग पोकळ केला. तत्त्व एकच, बॅडमिंटनच्या फुलाचं: जड टोक पुढे राहतं आणि पोकळ शेपूट त्याच्या मागे सरळ येतं. फॉस्टरच्या गोळीवर तिरप्या खाचा असतात, आणि त्यांमुळे ती फिरते असं पुष्कळांना वाटतं. खरं तर त्या खाचांनी गोळी फारशी फिरत नाही. नळीच्या तोंडाशी छिद्र अरुंद केलेलं असलं तर दबून बाहेर पडायला शिशाला जागा मिळावी, हा त्यांचा उपयोग. मागचं शेपूट चिमटलं गेलं किंवा गोळी ओतताना एक बाजू जाड झाली की नेम गेलाच. साठ-सत्तर यार्डांपर्यंत या गोळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हरणं मारली आहेत. त्यापुढे फिरकी हवी.

फॉस्बरी यांची युक्ती

नळीच्या आत आटे पाडून गोळीला फिरकी द्यायची ही रायफलची कल्पना. शॉटगनमध्ये ती आणण्याचा एक मोठा प्रयोग हिंदुस्थानशी जोडलेला आहे. जॉर्ज व्हिन्सेंट फॉस्बरी हे बंगालच्या सैन्यातले अधिकारी. १८६३ च्या अंबेला मोहिमेत त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांनी १८८५ मध्ये अशा नळीचं पेटंट घेतलं जी सगळी गुळगुळीत, फक्त तोंडाजवळच्या काही इंचांत आटे. छरे घातले तर छऱ्यांची बंदूक, एकटी गोळी घातली तर जवळपास रायफल. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीने ती 'पॅराडॉक्स' या नावाने विकली, आणि सकाळी तितर आणि दुपारी वाघ अशा दौऱ्यांवर निघणाऱ्या साहेबांनी आणि संस्थानिकांनी ती उचलून धरली. आपल्या देशातल्या त्या शिकारीचे गोडवे गाणारं बरंच लिहून झालं आहे, आणि त्यात मारलेल्या जनावरांचे आकडे वाचताना माझं मन विटतं. पण नळीबद्दलची फॉस्बरी यांची समज पक्की होती. गोळीला आटे पकडू द्या, शेवटच्या क्षणी का होईना.

अमेरिकेत १९८० च्या दशकात संपूर्ण आटेदार नळ्या शॉटगनला मिळू लागल्या आणि त्याबरोबर सॅबोचे दिवस आले. सॅबो म्हणजे प्लॅस्टिकचं आवरण. नळी पाऊण इंचाच्या आसपास रुंद. गोळी मात्र अर्ध्या इंचाची, लांबट, टोकदार. मधली जागा प्लॅस्टिकने भरायची. दारूचा धूर पूर्ण रुंदीच्या बुडाला ढकलतो, त्यामुळे हलक्या गोळीला मोठा धक्का मिळतो. आटे शिशाला नव्हे तर प्लॅस्टिकला पकडतात, प्लॅस्टिक आपल्याबरोबर गोळीला फिरवतं, आणि नळीबाहेर पडताच आवरणाच्या पाकळ्या उघडून मागे पडतात. गोळी एकटी पुढे जाते. जुनी एक औंसाची फॉस्टर गोळी सेकंदाला १,६०० फुटांच्या आसपास निघे. हॉर्नडी कंपनीची आजची ३०० ग्रेनची सॅबो गोळी २,००० फुटांनी निघते, आणि सडपातळ असल्यामुळे तो वेग बराच टिकवते. ग्रेन म्हणजे पौंडाचा सात हजारावा भाग. औंसात ते ४३७.५ भरतात.

रणगाड्याच्या तोफेत हीच युक्ती फार मोठ्या प्रमाणावर वापरतात. पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेने अर्जुन रणगाड्यासाठी जो चिलखतभेदी गोळा बनवला त्यातही जड धातूचा बारीक बाण सॅबोच्या पाकळ्यांत धरलेला असतो. फरक इतकाच की त्याला स्थिर ठेवतात ती शेपटाची पाती, फिरकी नव्हे. आजोबांना हे सांगितलं तर त्यांनी लगेच विचारलं, "पाकळ्या किती? तीन का चार?" मला ठाऊक नव्हतं. त्यांना मात्र तेवढंच हवं होतं.

तळघरातलं ओतकाम

त्यांचं तळघर घरातल्या सगळ्यात नीट जागांपैकी एक असावं. भिंतीला लाकडी बाक, त्यावर काडतुसं भरायचं एक हातयंत्र, विस्कॉन्सिनमधल्या मेव्हिल गावात बनलेलं. मेक या कंपनीची ही यंत्रं शॉटगनवाल्यांच्या घरोघरी दिसतात. शेजारी तराजू, मायक्रोमीटर, आणि खिडकीखाली शिसं वितळवायचं विजेचं भांडं. खिडकीत पंखा बाहेरच्या तोंडाने लावलेला. शिशाची वाफ आणि धूळ दोन्ही विषारी, त्यामुळे बाकापाशी खाणंपिणं बंद, आणि काम संपलं की हात कोपरापर्यंत धुवायचे. घरात नातवंडं येतात म्हणून ओतकामाचे कपडे आणि बूट वेगळे, ते वरच्या मजल्यावर जात नाहीत.

शिसं येतं कुठून? पूर्वी टायरच्या दुकानातून. चाक समतोल करायला रिमला जी वजनं ठोकतात ती शिशाची असत, आणि त्यात थोडं अँटिमनी असल्याने गोळी जरा कडक होई. आता त्यांत जस्ताची आणि लोखंडाची वजनं मिसळून येतात. लोखंड वर तरंगतं, काढता येतं. जस्त मात्र एकदा विरघळलं की सगळं भांडं नासतं, साचा नीट भरतच नाही. म्हणून ते प्रत्येक वजन पकडीने चावून बघतात. शिशात पकड रुतते, जस्तावर घसरते. बादलीभर वजनं अशी निवडताना त्यांचे हात थांबत नव्हते, आणि आम्हीही खाली बसून निवडायला लागलो.

ओतायला लागल्यावर मात्र त्यांनी आम्हाला मागे सरायला सांगितलं. भांड्यातला रस आरशासारखा. पळीने साचा भरला, वरच्या पट्टीवर थोडं शिसं उरू दिलं, ते थिजताना आत ओढलं जातं आणि पोकळी राहत नाही. चार-पाच सेकंदांनी पट्टीला लाकडी हातोडीची एक टिचकी, साचा उघडला, आणि गोळी जाड टॉवेलवर. पहिल्या दहा-बारा गोळ्यांवर सुरकुत्या आल्या. साचा अजून थंड होता. त्या परत भांड्यात. मग कडा धारदार निघू लागल्या, पृष्ठभाग चकचकीत. आणखी काही वेळाने चकाकी जाऊन हिमासारखी पांढुरकी झाक आली, तेव्हा साचा जास्त तापल्याचं ओळखून त्यांनी हात आवरता घेतला.

गार झाल्यावर प्रत्येक गोळी तराजूवर. जड आली तर साचा नीट मिटला नव्हता. हलकी आली तर आत कुठेतरी हवेचा बुडबुडा अडकला आहे, आणि तो नेमका मध्यावर असेल याचा काही भरवसा नाही. गोळी सेकंदाला पाचशेहून जास्त वेळा फिरणार. त्यांच्या नळीचे आटे पस्तीस इंचांत एक फेरा पुरा करतात, आणि गोळीचा वेग सेकंदाला पंधराशे फूट धरला तरी हा हिशेब येतो. इतक्या फिरकीत आतला बुडबुडा गोळीला एका बाजूला खेचत राहतो. वरून बघताना दोन गोळ्यांत काडीचा फरक दिसत नव्हता. तराजूने एक डावीकडे पाठवली, एक उजवीकडे.

सुरुवात करणारे बहुतेक जण लायमन कंपनीचा ५२५ ग्रेनचा साचा घेतात. मध्यभागी कंबर असलेली ही गोळी छऱ्यांसाठीच्या साध्या प्लॅस्टिकच्या कपात बसते, वेगळा सॅबो लागत नाही. आजोबांनीही तिथूनच सुरुवात केली होती. मग ते विकत मिळणाऱ्या सॅबोकडे आणि अर्ध्या इंचाच्या गोळीकडे वळले, आणि फटींचं खरं प्रकरण तिथे सुरू झालं.

फटी

कारखान्यातून येणारी शॉटगनची नळी रायफलीइतक्या काटेकोर मापात नसते. एकाच नावाच्या दोन बंदुका घेतल्या तरी आतल्या व्यासात फरक निघतो. म्हणून पहिलं काम आपली नळी मोजण्याचं. त्यांनी मऊ शिशाची थोडी मोठी गोळी लाकडी दांड्याने नळीतून आरपार ढकलली. सुरुवातीला ती अडली, मग सगळीकडे सारख्याच जोराने सरकत गेली. मध्येच सैल पडली असती तर नळीत तिथे रुंदी वाढली आहे असं समजायचं. बाहेर आलेल्या गोळीवर आट्यांचे ठसे उमटले होते. त्यांवरून मायक्रोमीटरने माप.

आता गोळी सॅबोत बसवून सगळ्याचा मिळून व्यास किती येतो ते पाहायचं. सैल असेल तर धूर बाजूने पुढे निसटतो आणि दर वेळी वेगवेगळ्या ठिकाणाहून निसटतो. गोळी सॅबोच्या आत सैल असेल तर आणखी वाईट: आटे सॅबोला फिरवतात आणि गोळी आत मागे राहते. त्यांच्या सॅबोत गोळी किंचित सैल बसत होती. टूलमेकरच ते. साचा बारीक पूड लावून आतून घासत घासत इंचाच्या हजाराव्या भागाने मोठा केला, गोळी ओतून पाहिली, पुन्हा घासला. हाताला जाणवेल इतपत घट्ट, पण प्लॅस्टिक फुगणार नाही इतकीच. भाऊ मला हळूच म्हणाला, "आम्ही बेअरिंग बसवतो ना, अगदी तेच चाललंय."

काडतुसाची रचना बाहेरून सोपी दिसते. प्लॅस्टिकची पुंगळी, बुडाला पितळ, त्यात ठिणगी देणारी टोपी म्हणजे प्रायमर. त्यावर दारू. दारूवर धूर अडवणारी वाटी. मग कडक पुठ्ठ्याची चकती, म्हणजे धक्क्याने गोळीचं बूड खालच्या मऊ थरात रुतणार नाही. त्यावर सॅबो आणि गोळी. सगळी उंची अशी जमली पाहिजे की पुंगळीची कड नेमकी वळेल. उंची कमी पडली तर काय करायचं, तर चकती जाड घ्यायची, एवढं उत्तर मला सुचलं. "तुम्ही काडतूस बदललंत," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात दटावणी होती.

कारण इथे हिशेब दाबाचा आहे. नेहमीच्या बारा बोअरच्या काडतुसाला अमेरिकेत दर चौरस इंचाला ११,५०० पौंडांपर्यंत दाब मान्य आहे. .३०-०६ या नेहमीच्या रायफलला ६०,०००. शॉटगनची भिंत पातळ, तिला चूक पेलत नाही. नुसता प्रायमर वेगळ्या बनावटीचा घेतला, किंवा धूर अडवणारी वाटी जास्त घट्ट निघाली, तरी त्याच दारूचा दाब बराच चढू शकतो. म्हणून कोणती पुंगळी, कोणता प्रायमर, कोणती दारू, कोणता सॅबो, किती वजनाची गोळी हे सगळं मिळून एक नुसखा असतो, आणि तो दाब मोजायच्या खास नळीवर तपासूनच दारूच्या आणि साहित्याच्या कंपन्या छापतात. घरी दाब मोजायची सोय नसते. तेव्हा आजोबा छापील नुसख्यातली एकही वस्तू आपल्या मनाने बदलत नाहीत. साचा घासल्यावरही त्यांनी साहित्य विकणाऱ्यांना फोन करून विचारलं आणि पुन्हा सगळ्यात कमी दारूपासून सुरुवात केली. बाकावर एका वेळी दारूचा एकच डबा. दुसरा कपाटात, कुलपात. भरता भरता कुणी हाक मारली तर हातातलं काडतूस मोडून बाजूला. दारू घातली की नाही अशी शंका घेऊन पुढे जायचं नाही, कारण दारू कमी पडली तर सॅबो नळीतच अडकतो, आणि त्यामागून दुसरा बार काढला तर नळी फुगते किंवा फाटते. त्या नुसख्यातले आकडे मी मुद्दामच इथे देत नाही. ते ज्याला हवेत त्याने छापील पुस्तकातून, स्वतःच्या साहित्यापुरते घ्यावेत.

शेवटी कड वळवणं. छऱ्यांच्या काडतुसाचं तोंड घड्या घालून मिटतात. गोळीच्या काडतुसाला गोल वळवलेली कड चांगली. ड्रिल मशीनमध्ये एक खोलगट हत्यार बसवतात, ते फिरत खाली येतं, घर्षणाने प्लॅस्टिक तापून मऊ होतं आणि आत दुमडतं. जास्त दाबलं तर पुंगळीला पोक येतो, कमी दाबलं तर कड सैल राहते आणि संथ जळणारी दारू दर वेळी वेगळ्या तऱ्हेने पेटते. ते हत्याराचा आवाज ऐकून थांबत. प्रत्येक काडतुसावर मार्करने क्रमांक, आणि जुन्या वहीत एक ओळ.

पाकळ्या वाचणं

कापणी झालेल्या मक्याच्या शेतात, मातीच्या बांधासमोर, टेबल मांडलं होतं. कानांवर दुहेरी संरक्षण. त्यांची बंदूक एकबारी, बारा बोअरची, पण दहा बोअरच्या जाड नळीतून कोरलेली. तिचं वजन हाच तिचा गुण. नेहमीच्या पंपवाल्या शॉटगनची नळी साफ करायला काढता यावी म्हणून सैलसर बसवलेली असते, आणि तीही एक फटच. इथाका कंपनीने १९५९ मध्ये खास हरणांच्या गोळीसाठी 'डियरस्लेयर' आणली तेव्हापासून बंदूकवाले या सांध्याच्या मागे लागलेले आहेत. काही जण तर नळी अंगाला खिळ्याने कायमची जखडून टाकतात.

जड गोळी नळीतून बाहेर पडायला दोन-तीन मिलिसेकंद घेते. तेवढ्यात बंदूक मागे सरकायला, वर उचलायला लागलेली असते. म्हणजे दस्ता खांद्यात किती दाबला, पुढचा हात कुठे ठेवला, यावर गोळी कागदावर कुठे लागणार ते ठरतं. रायफलवाले येऊन बंदूक नुसती वाळूच्या पिशवीवर ठेवतात आणि मग काडतुसाला दोष देतात, असं आजोबांचं म्हणणं. त्यांची स्वतःची दर बाराला तीच बैठक, तीच पकड, आणि नळी हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. दोन बारांमध्ये बराच वेळ जाई. मला तो वेळच जास्त आवडला. त्यात ते वही लिहीत.

तीन बार झाले की आम्ही पुढे चालत जायचो, पण कागदापाशी नाही. आधी सॅबोच्या पाकळ्या शोधायच्या. मक्याच्या खुंटांमध्ये त्या पांढऱ्या चमकत. एक सॅबो उचलून त्यांनी मला बोटावर धरायला लावला. बाहेरच्या अंगाला आट्यांचे खोल, स्वच्छ, सारख्या रुंदीचे ठसे: म्हणजे प्लॅस्टिकने आटे सोडले नाहीत. आतल्या अंगाला शिशाचा किंचित करडा डाग: गोळी घसरलेली नाही. चारही पाकळ्या सारख्याच वाकलेल्या: सगळ्या एकाच वेळी उघडल्या. दुसऱ्या एका सॅबोची एक पाकळी मात्र तळापासून तुटलेली होती आणि कडेला काजळीची रेघ. "हा उजवीकडे गेला असणार," ते म्हणाले. कागदावर दोन भोकं जवळजवळ चिकटून होती, आणि तिसरं उजवीकडे अडीच इंचांवर. उघडताना एक पाकळी मागे राहिली की ती गोळीच्या बुडाला जाता जाता ढकलते.

त्या सकाळी दव गोठलेलं होतं. थंडीत प्लॅस्टिक कडक होतं, आणि त्यांच्या मते त्या सॅबोचं तेच झालं. पुढची काडतुसं त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. हंगामात पहाटे झाडावरच्या मचाणावर बसतानाही ती तिथेच असतात. मग नळीत तांब्याच्या मिश्रधातूचा ब्रश, कारण प्लॅस्टिकचा पातळ थर आट्यांत चिकटत जातो आणि काही बारांनी नेम सुटायला लागतो. पुढचे तीन बार पावणेदोन इंचांत आले. त्यांनी मोजपट्टी दोनदा लावली आणि वहीत लिहिलं. बाकी काही नाही.

नेम कशासाठी

एवढं सगळं वर्षातल्या एका-दोन बारांसाठी. शंभर यार्डांवर हरणाच्या छातीतली जी जागा लागल्यावर ते काही सेकंदांत पडतं, ती सात-आठ इंचांची. बाकावरून दोन इंच आले तर थंडीत, हातमोजे घालून, छाती धडधडत असताना ते चार-पाच होतात. उरलेलं अंतर हरणाच्या बाजूने सोडायचं. चुकीच्या जागी लागलेली जड गोळी हरणाला लगेच मारत नाही. ते कुठेतरी मक्याच्या शेतापलीकडे जाऊन तासन्‌तास तडफडतं आणि बहुधा सापडतही नाही. आजोबांनी आपल्या तरुणपणी गुळगुळीत नळीच्या बंदुकीने असं एक हरीण गमावलं होतं. ती नोंद वहीच्या पहिल्या पानावर आहे, तारखेसकट.

शिकार असावी की नसावी, यावर माझं त्यांच्याशी एकमत झालं नाही. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आणि १९९१ ची दुरुस्ती यांनी हा प्रश्न निकालात काढला, आणि ते बरोबरच झालं असं मला वाटतं. विदर्भात रानडुकरं आणि रोही उभं पीक लोळवतात तेव्हा शेतकऱ्याला हा निकाल कडू लागतो, तेही मी ऐकलं आहे. पण जिथे हरणं मारायची असं समाजाने ठरवलं आहे, तिथे ती एका गोळीत मेलीच पाहिजेत, हे म्हणणं मला पूर्ण पटलं. आणि ते फक्त चांगल्या इच्छेने होत नाही. त्यासाठी गोळी तराजूवर ठेवावी लागते.

मांसाचा प्रश्नही आहे. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात गरिबांना वाटण्यासाठी दिलेल्या हरणाच्या मांसात शिशाचे कण निघाले आणि ते परत काढून घ्यावं लागलं. वेगवान रायफलची गोळी फुटून शिशाचे कण दूरवर पसरवते. शॉटगनची मंद, जाड गोळी त्यामानाने कमी फुटते, असं मिनेसोटातल्या चाचणीत त्याच वर्षी दिसलं. कमी म्हणजे शून्य नव्हे. आजोबा जखमेभोवतीचं बरंच मांस कापून टाकतात, आणि नातवंडांसाठी ठेवायचं हरीण ते तांब्याच्या गोळीनेच मारतात, विकतच्या. त्यांना त्यात कमीपणा वाटत नाही.

वही कुणाकडे

या नादाचे दिवस मात्र थोडे उरले आहेत. इंडियानाने २००७ मध्ये पिस्तुलाची काडतुसं झाडणाऱ्या रायफलींना परवानगी दिली. ओहायो आणि दक्षिण मिशिगनने २०१४ मध्ये सरळ भिंतीच्या काडतुसांच्या रायफली मान्य केल्या, आयोवाने २०१७ मध्ये, इलिनॉयने २०२३ मध्ये. या रायफलींचा धक्का कमी, नेम सोपा, काडतूस स्वस्त. नवखा माणूस शॉटगन कशाला घेईल? आणि जे अजून शॉटगनच वापरतात त्यांच्यासाठीही २०१० मध्ये आलेली सॅव्हेजची वीस बोअरची बोल्ट बंदूक दुकानातल्याच काडतुसांनी असा नेम देते की तळघरात बसायचं कारण उरत नाही. सॅबो सुटे विकणारे व्यापारी कमी होत चालले आहेत. आजोबांनी आपल्या मापाचे आहेत तोवर घेऊन ठेवले आहेत, बरणीत, उन्हापासून दूर, कारण प्लॅस्टिकही म्हातारं होतं.

त्यांची नात बाविशीची आहे, यंदा पहिल्यांदा हरणाला जाणार. तिने रायफल घेतली नाही, आजोबांची जुनी वीस बोअर मागितली. भरायला शिकवा म्हणाली. त्यांनी आधी तिला चार कंपन्यांची विकतची सॅबो काडतुसं आणून दिली. चारही झाडून बघ, तुझ्या नळीला कुठलं मानवतं ते लिही, पाकळ्या गोळा करून आण. तीन कागद भरले की मग साचा.